डेल प्रिबिलची पाटी

मी डेल प्रिबिलवर जळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या ऑल्डर फॉल्समध्ये कुणालाही थांबवून विचारलंत तर तो तुम्हाला पहिली हीच गोष्ट सांगेल, की व्हर्न ओस्टबी डेलवर जळतो. खाटीक सांगेल, न्हावी सांगेल, आमचे पास्टरसुद्धा सांगतील, फक्त ते "प्रार्थना करा त्याच्यासाठी" असं पुढे जोडतील. माझी बायको आर्डिस तर न विचारताच सांगते.

मुळात तुलना करायचं कारणच काय? मी काउंटीच्या भूमापन कचेरीत सव्वीस वर्षं नकाशे सांभाळतोय आणि सोळा वर्षं आमच्या साप्ताहिकात फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या आमच्या अमेरिकन फुटबॉलचा, स्तंभ लिहितोय. 'ओस्टबींचा अंदाज.' वर माझा फोटो, केस होते तेव्हाचा. दर मंगळवारी मी लेख देतो, बुधवारी अंक निघतो, आणि त्यात त्या आठवड्याच्या पाच मोठ्या सामन्यांचा, कॉलेजांच्या आणि व्यावसायिक संघांच्या, मी ऊहापोह करतो. ऊहापोहच म्हणायला हवं त्याला. कुणाच्या गुडघ्याला काय झालंय, वारा कुठल्या बाजूने सुटणार, कोणता प्रशिक्षक बर्फात चेंडू फेकायला घाबरतो, सगळं. माझ्याकडे एकतीस वह्या आहेत. आणि डेल? डेल मैल्याच्या टाक्या उपसतो. चांगला धंदा आहे, मी नावं ठेवत नाही. पण त्याच्याकडे एकही वही नाही.

तर ह्या डेलने, माझ्या सख्ख्या शेजाऱ्याने, सप्टेंबरात अंगणात रस्त्याच्या कडेला प्लायवूडची एक भलीमोठी पाटी उभी केली आणि तिच्यावर दर गुरुवारी सकाळी पाच सामन्यांचे विजेते रंगवायला सुरुवात केली. ऊहापोह नाही, कारण नाही, काही नाही. नुसती पाच नावं. शेवटी एक हसरा चेहरा.

आणि ते बरोबर यायला लागले हो! नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पंचावन्न सामने झाले. त्यातले डेलचे एक्केचाळीस बरोबर. माझे चौदा.

आता चौदा हा आकडा दिसतो तितका वाईट नाही. चुकलेल्यांतल्या अकरा सामन्यांत मी म्हटलं तस्संच चाललं होतं, शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत. पण लोकांना शेवटची पाच मिनिटंच लक्षात राहतात. डेलच्या पाटीसमोर पिकअप गाड्या थांबायला लागल्या. लोक खाली उतरून फोटो काढायचे, डेल बाहेर येऊन त्यांना कॉफी द्यायचा. माझ्या खिडकीतून हे सगळं नीट दिसतं. म्हणजे मी पाहत होतो असं नाही, पण खुर्ची तिथेच आहे.

"खुर्ची तिथे कालपर्यंत नव्हती," आर्डिस म्हणाली.

सल्ले देणाऱ्यांचं तर पीकच आलं. खाटीक म्हणाला, "व्हर्न, तू जास्त विचार करतोस. डेल बघ, विचारच करत नाही." न्हावी म्हणाला, "डेलला कुणीतरी आतून सांगत असणार. त्याचा मेहुणा कुठल्याशा स्टेडियमवर पॉपकॉर्न विकायचा." आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या मिसेस क्वाम यांनी तर मला हात धरून बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तू एकदा डेलकडूनच का शिकून घेत नाहीस रे?" त्या रात्रीचं माझं जेवण मला गोड लागलं नाही, हे मी कबूल करतो.

मग मी ठरवलं की जे करायचं ते कायद्याने करायचं. गावातल्या पाट्यांचा नियम मला पाठ आहे. सहा चौरस फुटांपेक्षा मोठी पाटी असेल तर परवाना लागतो. डेलची पाटी बत्तीसच्या आसपास होती. मी नगरपंचायतीत गेलो. तिथे मार्सेला डिट्झ नावाची बाई एकटीच सगळा कारभार बघते, जन्मदाखल्यापासून कुत्र्याच्या बिल्ल्यापर्यंत.

"तक्रार आहे," मी म्हणालो. "नाव गुप्त ठेवायचंय."

"डेलच्या पाटीची ना?" मार्सेला मान वर न करता म्हणाली. "ती पाटी नाही. वाहन आहे ते."

"वाहन?"

"गवताच्या जुन्या गाड्यावर ठोकलीये ना ती. खाली चाकं आहेत. चाकं असली की वाहन. वाहनाला पाटीचा नियम लागत नाही. त्याने आधी येऊन विचारलं होतं. डोनट घेऊन आला होता, बिचारा."

बिचारा! मी तिथल्या तिथे माझ्या स्वतःच्या पाटीसाठी अर्ज मागितला. म्हटलं, पाटीला पाटीने उत्तर देऊ, आणि तेही परवाना काढून, सभ्य माणसासारखं. अर्ज चार पानी होता. सोबत जागेचा नकाशा जोडायचा होता. नकाशा! माझ्याकडे! मला तर हसूच आलं. मी आमच्या कचेरीतून आमच्या प्लॉटचा नकाशा काढला, रंगीत पेन्सिलींनी सजवला, दिशा दाखवणारा बाणसुद्धा ऐटदार काढला आणि नेऊन दिला. मार्सेलाने तो दोन मिनिटं पाहिला, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"व्हर्न, तुझी ही अवजारांची लाकडी खोली."

"हो. मी स्वतः बांधलीये."

"ती अकरा इंच डेलच्या जागेत आहे."

सव्वीस वर्षं मी अख्ख्या काउंटीच्या हद्दी सांभाळतोय. लोक एकमेकांच्या उरावर बसतात तेव्हा मी टेप घेऊन मध्ये उभा राहतो. आणि माझी स्वतःची खोली अकरा इंच शेजाऱ्याच्या जमिनीत, आणि तीही मीच सजवलेल्या नकाशावर सापडली. दुपारपर्यंत माझ्या कचेरीत ती बातमी पोचली होती. एकाने माझ्या टेबलावर टेप आणून ठेवली, वर लाल फीत बांधून.

खोली हलवेपर्यंत परवाना नाही, असं ठरलं. मी डेलला काही सांगितलं नव्हतं, पण शनिवारी सकाळी बघतो तर डेल सहा माणसं, दोन जॅक आणि लाकडी ओंडके घेऊन अंगणात हजर. "अरे व्हर्न, मला बोलायचं नाहीस का? अकरा इंचाचं काय घेऊन बसलास? मी तर म्हणालो होतो मार्सेलाला, राहू दे तिथेच, माझी काही हरकत नाही. पण ती म्हणाली नियम." दोन तासांत खोली हलली. मग डेलच्या बायकोने सगळ्यांसाठी गरम सूप आणलं, आणि जो तो डेलची पाठ थोपटून घरी गेला. माझ्या अंगणात! माझ्या खोलीपाशी! एकाने जाता जाता मला सांगितलं, "असा शेजारी नशिबाने मिळतो, व्हर्न." मी "हो ना" म्हणालो. जीभ चावली गेली नाही हेच नशीब.

परवाना आलाच नाही, कारण तोवर जमीन गोठली आणि गोठलेल्या जमिनीत खांब रोवायला वेगळा अर्ज लागतो.

हे सगळं मी सोसलं असतं. पण थँक्सगिव्हिंगच्या, नोव्हेंबरअखेरच्या गुरुवारी येणाऱ्या आमच्या मोठ्या सणाच्या, आधीच्या आठवड्यात आमची संपादक ट्रुडी वोल्टर्स हिने मला बोलावून घेतलं. पोरगी गुणी आहे, वडिलांचं साप्ताहिक चालवते. तिने मला खुर्ची दिली तेव्हाच मी समजलो.

"व्हर्नकाका, नव्या वर्षापासून पानं कमी होतायत. अंदाजाचं सदर राहील, पण लोक म्हणतायत की..." ती थांबली.

"डेल."

"त्याची पाटीच छापा, म्हणतात. नुसता फोटो. जागाही कमी लागते."

सोळा वर्षं, ट्रुडी! ह्या गावात मला दुसऱ्या कशासाठी कोण ओळखतं? नकाशेवाला म्हणून मला कुणी हाक मारत नाही. रस्त्यात कुणी "काय म्हणतोय अंदाज?" असं विचारलं की तेवढ्यावर माझा आठवडा जातो. हे मी तिला बोललो नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण तिचं मन विरघळलं. "असं करू," ती म्हणाली. "थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातले पाच सामने. तुमचा लेख आणि त्याची पाटी. ज्याचे जास्त बरोबर, त्याचं सदर."

आता आमच्याकडचा एक रिवाज सांगायला हवा. आमच्या राज्य विद्यापीठाचा संघ म्हणजे साळिंदर. हंगामभर गावात कुणी साळिंदरांच्या सामन्याचा अंदाज करत नाही, अपशकुन होतो म्हणून. मीही कधी केला नाही, डेलनेही नाही. पण हंगामाचा शेवटचा सामना शेजारच्या राज्याच्या खेचरांशी असतो, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी. त्या एका सामन्याचा अंदाज मात्र जाहीर करायचाच असतो, आणि तो काय करायचा हे नव्वद वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे. साळिंदर जिंकणार. साळिंदरांचा अख्खा संघ गोवर येऊन पडला असला तरी साळिंदरच जिंकणार.

मी सोमवारी सगळ्या एकतीस वह्या काढल्या. वारा पाहिला, गुडघे पाहिले. माझा प्रामाणिक हिशेब निघाला की साळिंदर तीन गुणांनी जिंकतील. मनापासून वाटत होतं मला तसं. मी लिहायलाही बसलो. आणि समोर खिडकीतून डेल दिसला, गाड्यावर चढून पाटीला पांढरा रंग देत होता, शीळ घालत.

तो काय लिहिणार? साळिंदरच. अख्खं गाव लिहिणार. म्हणजे त्या सामन्यात मी बरोबर आलो तरी तोही बरोबर. मी त्याच्यासारखंच लिहायचं? त्याच्या मागे मागे? माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. मी वही मिटली आणि लिहिलं, "खेचरं जिंकतील." कारणंही दिली, सात. सगळी खोटी.

बुधवारी अंक निघाला. साडेआठला खाटकाने मला सॉसेजची पुडी दिली, ती उघडली तर आत नुसती दोरी. न्हाव्याने "आज वेळ नाही" म्हणून सांगितलं, दुकानात दुसरं कुणी नसताना. आमच्या दारात कुणीतरी गवताची पेंडी आणून ठेवली, खेचरांच्या पाहुण्यासाठी म्हणून. संध्याकाळच्या प्रार्थनेत पास्टर म्हणाले, "आपल्यात कुणी वाट चुकलं असेल तर..." आणि सगळं चर्च मागे माझ्याकडे वळलं. आर्डिस त्याच विद्यापीठात शिकली, तिथल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. गुरुवारी तिने सणाची टर्की कापली तेव्हा माझ्या ताटात मान आली.

आणि गुरुवारीच डेलची पाटी रंगली. शेवटच्या ओळीत साळिंदर, आणि हसरा चेहरा नेहमीपेक्षा मोठा. पण गंमत बघा, गुरुवारचे दोन सामने झाले, एक माझा बरोबर आला, एक त्याचा. शुक्रवारी दोन झाले, पुन्हा एक माझा, एक त्याचा. दोन-दोन! आता सगळं शनिवारवर आलं. माझं सोळा वर्षांचं सदर खेचरांच्या खुरांखाली येऊन पडलं.

शनिवारी दुपारी अख्खं गाव अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जमलं होतं. मोठा पडदा, चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्शाचं, पातेलं, आणि प्रत्येकजण मागच्या विजयाच्या वेळी जिथे बसला होता तिथेच. माझीही खुर्ची होती तिथे, चाळीस वर्षांची. तिच्यावर कुणीतरी कोटांचा ढीग टाकून ठेवला होता. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. डेलने मला हाक मारली, "ये रे व्हर्न, इथे बस, आम्ही सरकतो." तो सरकला, बाकीचे सरकले नाहीत.

सामना कसा झाला ते मी सांगत नाही, सांगवत नाही. शेवटची चार सेकंद उरली होती. साळिंदर वीस, खेचरं अठरा. चेंडू खेचरांकडे. त्यांचा एक लुकडासा पोरगा लाथ मारायला पुढे आला. खांबांमधून गेला तर तीन गुण, नाहीतर खेळ खलास. आर्डिसने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मिसेस क्वाम यांनी डोळे मिटले होते.

लहान होतो तेव्हापासून मी साळिंदरांसाठी घसा फोडत आलोय. त्यांच्या पराभवाला मी लग्नाच्या दिवशीसुद्धा रडलो होतो, फोटो आहे. आणि त्या क्षणी माझ्या मनात एकच होतं, जाऊ दे आत, देवा, जाऊ दे. त्या डेलची जिरू दे.

पोराने लाथ मारली. चेंडू उडाला, वाऱ्याने थोडा वळला, आणि...

"गेला! आत गेला! गेऽऽला!"

कोण ओरडलं म्हणून मीही वळून पाहिलं. मग कळलं की माझे दोन्ही हात वर आहेत आणि मी उडी मारून पुन्हा खाली येतोय. त्या हॉलमध्ये दोनशे माणसं होती. एकाचाही आवाज नव्हता.

डेल उठला. त्याचे डोळे ओले होते. तो सगळ्यांसमोर माझ्यापाशी आला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "अभिनंदन, व्हर्न. सदर तुझंच राहिलं, बरं वाटलं मला." आणि त्याला खरंच बरं वाटलं होतं! हेच तर मला सहन होत नाही. मी घरी एकटाच चालत आलो. आर्डिस दुसऱ्यांच्या गाडीतून आली.

रविवारी सकाळी चर्चला जायच्या आधी पाहतो तर डेलच्या ओट्यावर सात पाय, म्हणजे सारण भरून भाजलेला आमच्याकडचा गोड पदार्थ, ठेवलेले. सफरचंदाचे, भोपळ्याचे, चेरीचे. हरला म्हणून! सांत्वनाला! मी जिंकलो, आणि माझ्या दारात गवताची दुसरी पेंडी. रात्रभर बर्फ पडलं होतं, आणि डेल आपलं यंत्र घेऊन माझ्या दारासमोरचं बर्फ काढत होता, नेहमीसारखा. मी कॉफी घेऊन बाहेर गेलो. निदान मनाचा मोठेपणा दाखवावा म्हटलं, जिंकलेल्या माणसाला ते परवडतं.

डेलने यंत्र बंद केलं. "रागावणार नसशील तर एक सांगू?"

"सांग की."

"मला फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नाही."

"मग ते एक्केचाळीस?"

"तुझेच ते." तो अगदी ओशाळून गेला होता. "बुधवारी मी तुझा लेख वाचतो. शब्द न् शब्द. आणि गुरुवारी त्याच्या बरोब्बर उलट रंगवतो. पहिल्या आठवड्यात गंमत म्हणून केलं, बाबा. मग लोक यायला लागले, मोडवेना. मला वाटलं तुझ्या लक्षात आलं असेल. आर्डिसला तर ऑक्टोबरातच कळलं होतं. तीच म्हणाली, बोलू नकोस, मनाला लावून घेईल."

एक्केचाळीस आणि चौदा. पंचावन्न. ही बेरीज मी कधी केली नव्हती.

"पण ह्या वेळी मी काय घाबरलो होतो, माहितीये?" डेल म्हणाला. "तू साळिंदर लिहिलं असतंस तर मला माझ्याच अंगणात खेचरं रंगवावी लागली असती! गावाने गाडा जाळला असता माझा. बुधवारी पेपर उघडला तो डोळे मिटूनच. आणि बघतो तर तू खेचरं लिहिलेली. जीव भांड्यात पडला रे. गावाच्या शिव्या तू एकट्याने अंगावर घेतल्यास. पण एक कळलं नाही. नेमका ह्याच सामन्यात तू बरोबर कसा काय आलास?"

खरं सांगायचं म्हणजे जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं की बाबा रे, मलाही साळिंदरच वाटत होते, तीन गुणांनी. तू माझ्या उलट गेलास म्हणून नाही हरलास, मीच माझ्या उलट गेलो, तुझ्यावर जळून. पण त्याच्या ओट्यावरचे ते सात पाय मला समोर दिसत होते.

"अभ्यास," मी म्हणालो.

"असणारच," डेल म्हणाला. "मी पाटी चालूच ठेवतो बरं का. लोकांना सवय झालीये. तू आपला लिहीत राहा म्हणजे झालं." आणि जाताना त्याने मला भोपळ्याचा पाय दिला. घ्यावा लागला. फार चांगला होता, हेही वाईटच.

मंगळवारी दुपारी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वह्या मांडून बसलो. सदर माझं होतं, फोटो माझा होता. पुढच्या रविवारी आमच्या पट्ट्यातल्या व्यावसायिक संघाचा, लोहारांचा, मोठा सामना होता, हरले तर हंगाम संपला. हिशेब स्पष्ट होता, लोहार जिंकणार. मी लिहिलं, "लोहार." मग डेल काय रंगवेल ते आठवलं आणि खोडलं. दुसऱ्या संघाचं नाव लिहिलं. मग वाटलं, म्हणजे डेलच्या पाटीवर लोहार येणार, माझा खरा अंदाज त्याच्या नावावर! तेही खोडलं. तीन कागद फाडले. ट्रुडीचा दोनदा फोन येऊन गेला.

आर्डिस पंधरा मिनिटं दारात उभी राहून बघत होती. शेवटी तिच्याने राहवेना. "व्हर्न, अरे तुला मनापासून काय वाटतं ते लिहून मोकळा हो ना एकदाचा!"

"तेच तर त्या डेलला हवंय!" मी ओरडलो.